ठावठिकाणा

८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्यापुढच्या एका जामिनाच्या प्रकरणाचा निकाल लागला. खटला अमली पदार्थांचा, आरोपी नायजेरियाचा. जामीन देताना दिल्ली उच्च न्यायालयाने अट घातली होती, की आपण कुठे आहोत हे तपास अधिकाऱ्याला कळावं म्हणून आरोपीने गुगल मॅप्सवर पिन टाकून ठेवावी. सर्वोच्च न्यायालयाने खुद्द गुगलकडून माहिती मागवली, तेव्हा अशा पिनने माणसावर सतत नजर ठेवता येत नाही हे स्पष्ट झालं. अट निरुपयोगी ठरली, तेवढ्यावर प्रकरण मिटवता आलं असतं. न्यायमूर्ती मात्र पुढे गेले. जामिनावरच्या माणसाची प्रत्येक हालचाल पोलिसांना कळत राहील अशी अट घालताच येणार नाही, त्याने त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग होतो, असं त्यांनी सांगितलं. हा हक्क मूलभूत आहे, हे नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात एकमताने ठरवलं होतंच.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या माणसाचाही ठावठिकाणा चोवीस तास मागण्याचा अधिकार पोलिसांना नाही. आणि ज्यांच्यावर कसलाच आरोप नाही असे आपण तोच ठावठिकाणा वॉलपेपर बदलणाऱ्या ॲपला देऊन बसलो आहोत, तोही कायमचा.

घरातून निघालेल्या माणसाला ‘कुठे?’ म्हणून हटकू नये, असं जुनी माणसं सांगायची. फार तर ‘लांब का?’ एवढं विचारावं. कारण अपशकुनाचं देत, पण त्या रिवाजात एक समंजसपणा होता. निघालेल्याने सांगितलं तर ऐकावं, नाही सांगितलं तर खोदू नये. कुठे जातो हे सांगणं न सांगणं ज्याचं त्याच्या हाती.

जागेची माहिती इतकी नाजूक का, हे नकाशावर हलणारा ठिपका पाहून कळत नाही. ठिपका कुठे थांबतो ते पाहावं लागतं. रात्री थांबतो ते घर, दिवसा थांबतो ती नोकरी. एवढ्यावर माणूस ओळखता येतो, नावाची गरज पडत नाही. २०१३ साली संशोधकांनी पंधरा लाख लोकांच्या मोबाइलच्या पंधरा महिन्यांच्या नोंदी तपासल्या. नावं काढून टाकलेली होती, आणि जागा मोबाइलच्या टॉवरइतकी ढोबळ. तरी एखादा माणूस कोणत्या वेळी कुठे होता अशा केवळ चार नोंदी मिळाल्या, की शंभरातल्या पंचाण्णव जणांची नोंद बाकी सगळ्यांपासून वेगळी काढता येत होती.

आता असा एक ठिपका मनात आणा. तो डोंबिवलीहून निघतो, दर एकवीस दिवसांनी परळला टाटा हॉस्पिटलपाशी सकाळी साडेआठला थांबतो आणि संध्याकाळी पाचला हलतो. पुढचे दोन-तीन दिवस घराबाहेर पडत नाही. केमोथेरपीचं चक्र बरेचदा एकवीस दिवसांचं असतं, हे ज्यांच्या घरात कर्करोग येऊन गेला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्या बाईंनी अजून ऑफिसात सांगितलेलं नसेल. सासरी सांगितलेलं नसेल. धाकट्याची दहावीची परीक्षा होऊन जाऊ दे, मग बोलू, असं नवरा-बायकोने ठरवलं असेल. कुणाला, कधी, कोणत्या शब्दांत सांगायचं हा त्या आजारपणातला त्यांच्या हातात उरलेला एकमेव निर्णय असू शकतो. आणि कुठल्याशा जाहिरात कंपनीच्या संगणकात ती गोष्ट ऑफिसाच्या, सासरच्या आधी पोचलेली असते. कौटुंबिक न्यायालय, मानसोपचार तज्ज्ञाचा दवाखाना, व्यसनमुक्तीची बैठक, दुसऱ्या नोकरीची मुलाखत, कुठेही तो ठिपका असाच थांबतो.

हे कल्पनेतलं भय नाही. डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अशा नोंदींचा एक साठा उघड केला. सव्वा कोटीच्या आसपास अमेरिकी लोकांचे फोन, पाच हजार कोटींहून जास्त नोंदी, सगळ्या साध्यासुध्या ॲपांमधून गोळा झालेल्या. नावं नव्हती, पण घर आणि कामाची जागा जुळवून बातमीदारांना माणसं शोधता आली. त्याआधी २०१३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने एका टॉर्चच्या ॲपवर कारवाई केली होती. उजेड पाडण्यापलीकडे त्या ॲपला काही काम नव्हतं, तरी ते वापरणाऱ्याची जागा जाहिरातवाल्यांना कळवत होतं. अटी मान्य आहेत की नाहीत हे माणसाने सांगण्याआधीच माहिती रवाना झालेली असे.

नोटिफिकेशनचा विचारही मी याच्यासोबत करते. ‘ॲप वापरत असतानाच जागा दिसू दे’ हा पर्याय अँड्रॉइडमध्ये २०१९ पासून आहे, चांगला आहे. पण मग ॲपला तुम्ही ते उघडायला हवे असता. म्हणून दुपारी बाराला ‘आज जेवणात काय?’, रात्री अकराला ‘तुमची वस्तू वाट पाहतेय’. तुम्ही बोट लावलं, ॲप उघडलं, की ‘वापरत असताना’ची परवानगी जागी होते. जी सूचना बँकेतून पैसे गेल्याचं सांगते तिची किंमत मला आहे. बाकीचा दिवसभराचा ठणाणा आपल्यासाठी नसतो. अँड्रॉइडच्या २०२२ च्या तेराव्या आवृत्तीपासून नव्या ॲपला सूचना पाठवण्यासाठीही आधी विचारावं लागतं. तिथे ‘नको’ म्हणायला कचरू नये.

शेजारच्या काकूंचा फोन परवा हातात घेतला होता. सेटिंग्जमध्ये ‘लोकेशन’ उघडलं की कोणत्या ॲपला कायम, कोणाला वापरतानाच, कोणाला अजिबात नाही, अशी सरळ यादी येते. कायमच्या रांगेत त्यांचं पंचांगाचं ॲप होतं. ‘अगं, त्याला राहू दे, सूर्योदय त्यावरनंच कळतो,’ काकू म्हणाल्या. खरं आहे, सूर्योदय गावागणिक बदलतो, पंचांगाला जागा लागतेच. पण किती? अँड्रॉइडच्या २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून अचूक जागेऐवजी अंदाजे जागा देता येते, साधारण तीन चौरस किलोमीटरांच्या आतली. आयफोनवर ही सोय २०२० पासून आहे. एवढ्या अंतरात सूर्योदयाची वेळ चार-पाच सेकंदांनी बदलते, आणि पंचांग मिनिटांत छापलेलं असतं. काकू कोणत्या इमारतीत राहतात हे कळल्याने त्यांची संकष्टी अधिक अचूक होत नाही. आम्ही ‘अचूक’चं बटण बंद केलं आणि ‘कायम’चं ‘वापरताना’ केलं. चंद्रोदय पूर्वीसारखाच दिसत होता.

गरजेपुरती माहिती हेच तत्त्व आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. सहाव्या कलमाखाली एक उदाहरण दिलं आहे: फोनवरून वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने सल्ल्यासाठीच्या माहितीसोबत कॉन्टॅक्ट लिस्टही मागितली आणि बाईने दोन्हीला होकार दिला, तरी होकार वैद्यकीय सल्ल्यापुरताच धरायचा, कारण त्यासाठी कॉन्टॅक्टची गरज नाही. (या कायद्यात प्रत्येक व्यक्तीचा उल्लेख स्त्रीलिंगी आहे, हे मला मनापासून आवडलं.) संमती मराठीतही मागता आली पाहिजे, आणि दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे, हेही त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना अठरा महिन्यांची मुदत आहे. पण केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना यातून सूट देण्याची जी वाट सतराव्या कलमात ठेवली आहे, ती फार रुंद आहे. जुलै २०२४ चा निकाल वाचल्यावर ती अधिकच खुपते.

हे सगळं घराबाहेरच्यांचं झालं. घरातल्यांचं काय? शिकायला पुण्याला गेलेल्या मुलीचं लोकेशन कायम चालू ठेवायला लावणारे आईवडील मी पाहते. त्यांची काळजी खरी आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण एकोणीस वर्षांच्या मुलीला मैत्रिणीकडे रेंगाळता येऊ नये, लायब्ररीऐवजी टेकडीवर जाता येऊ नये, इतकी ती काळजी वाढू नये. व्हॉट्सॲपवर चालू लोकेशन पाठवताना तीनच मुदती मिळतात: पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास. ‘कायम’ हा पर्यायच तिथे नाही, आणि ज्याने पाठवलं तो ते मधेच थांबवू शकतो. मला घराघरांत एवढंच चालावं असं वाटतं. रात्री उशिरा रिक्षात बसताना मुलीने आपणहून तासाभराचं लोकेशन पाठवावं, पोचल्यावर बंद करावं. ते बंद झालं म्हणून आईने लगेच फोन लावू नये. आणि लावलाच, तर ‘जेवलीस का?’ एवढंच विचारावं.