मोत्यांचा व्यापारी आणि काचेचे कपाट



आजच्या शुभवर्तमानात (मत्तय १३:४४-५२) प्रभू येशू दोन माणसांविषयी सांगतो. एकाला शेतात पुरलेला ठेवा अवचित सापडतो. दुसरा मात्र शोधतच निघालेला असतो. तो मोत्यांचा व्यापारी आहे. गावोगाव फिरणे, मोती हातात घेणे, उजेडात धरून पाहणे, नापसंत झाला तर परत ठेवणे, हेच त्याचे आयुष्य. एक दिवस त्याला हवा तसा मोती दिसतो. तो घरी जातो, जवळ होते नव्हते ते विकतो आणि तो एक मोती घेतो. हा दाखला आपण इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातली एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. स्वर्गराज्याची उपमा द्यायला प्रभूने जमवाजमव करणारा, वस्तूंचा दर्दी असा माणूस निवडला. त्याची पारखी नजर प्रभूला खटकली नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण घरभेटीच्या वेळी अलीकडे एक विषय पुनःपुन्हा निघतो. आईवडील मला मुलाच्या खोलीत नेतात आणि काचेचे कपाट दाखवतात. त्यात जपानी अ‍ॅनिमे मालिकांमधील पात्रांच्या छोट्या मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात. मुले त्यांना 'फिगर' म्हणतात, वडील 'बाहुल्या' म्हणतात, आणि भांडणाची सुरुवात बहुधा ह्या दोन शब्दांपासूनच होते. कपाटाशेजारी व्हिडिओ गेमचे यंत्र असते. एका घरी वडील माझ्यासमोरच म्हणाले, "पंचवीस वर्षांचा घोडा झाला, अजून बाहुल्या खेळतो!" मुलगा गप्प राहिला. नोकरी करणारा, घरात पैसे देणारा मुलगा. आईने मला जिन्यात गाठून हळूच विचारले, "फादर, ह्या मूर्ती घरात ठेवणे पाप तर नाही ना? मूर्तिपूजा तर होत नाही ना?"

आईचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या घरातही अल्तार आहे. त्यावर पवित्र मारियेची मूर्ती आहे, तिच्यापुढे आपण मेणबत्ती लावतो. ख्रिस्तसभेने हा प्रश्न बाराशेहून अधिक वर्षांपूर्वी, सन ७८७ च्या दुसऱ्या नायसिया परिषदेत सोडवला. प्रतिमेला दिलेला मान त्या लाकडाला वा मातीला दिलेला नसतो, ती प्रतिमा ज्या व्यक्तीची आहे त्या व्यक्तीला तो पोहोचतो. मग कपाटातील फिगरचे काय? तिच्यापुढे कोणी गुडघे टेकत नाही. ती एका गोष्टीतले पात्र आहे, आवडले म्हणून जवळ ठेवले आहे. चित्रपटातल्या नटाचे चित्र भिंतीला लावणारी पिढी आता आजोबा झाली आहे. त्यांना कोणी मूर्तिपूजक म्हटले नाही. मूर्तिपूजा हा शब्द संत पौलाने मात्र एका वेगळ्याच जागी वापरला आहे. कलस्सैकरांना लिहिताना (३:५) तो लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो. म्हणजे प्रश्न कपाटात काय आहे एवढाच राहत नाही, कपाट कधी भरणार हाही आहे. आणि हा प्रश्न फक्त पंचवीस वर्षांच्या मुलाला विचारायचा नाही. वाडीच्या बांधावरून सख्खे भाऊ वीस वीस वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्यांच्या घरात एकही बाहुली नसते.

आता ह्या छंदाकडे थोडे नीट पाहू, कारण न पाहता बोललेले मुलांना बरोबर कळते. चांगली फिगर म्हणजे कारागिरी असते. आधी शिल्पकार मूळ नमुना घडवतो, मग तो रंगवला जातो, आणि त्यावरून साचे काढून प्लास्टिकच्या प्रती निघतात. पात्राच्या उंचीच्या एक सप्तमांश किंवा एक अष्टमांश असे तिचे माप असते. वाऱ्याने उडणारा पदर, बोटांची पेरे, डोळ्यातली चमक हे सारे तळहाताएवढ्या वस्तूत उतरवायचे. गुड स्माईल ह्या जपानी कंपनीने २००६ साली मोठ्या डोक्याच्या, ठेंगण्या 'नेन्डोरॉइड' फिगर काढायला सुरुवात केली. त्यांचे चेहरे बदलता येतात, त्यामुळे हसरे पात्र क्षणात रडवे होते. हे सगळे मुलगा मला उभ्या उभ्या सांगत होता आणि बोलताना त्याचा चेहरा उजळला होता. आईवडिलांनी तो चेहरा बऱ्याच दिवसांत पाहिला नसावा.

खेळाविषयी संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात लिहून ठेवले आहे. त्यांच्या 'सुम्मा'मध्ये (दुसऱ्या भागाचा दुसरा विभाग, प्रश्न १६८) ते संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगतात. योहान शिष्यांबरोबर खेळत असलेला पाहून काही जणांना धक्का बसला. त्यांच्यापैकी एकाच्या हाती धनुष्य होते. योहानाने त्याला बाण मारायला सांगितले, पुन्हा पुन्हा मारायला लावले आणि विचारले, असेच सतत करता येईल काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला समजावले. म्हणून थॉमस विरंगुळ्याला सद्गुणात जागा देतात. एवढेच नव्हे, जो स्वतः कधी खेळत नाही आणि दुसऱ्याच्या खेळावर विरजण घालतो तो चुकतो, असेही ते म्हणतात. कामावरून दमून आलेल्या आणि अर्धा तास गेम खेळणाऱ्या मुलाला 'वाया गेला' म्हणण्यापूर्वी वडिलांनी हे आठवावे.

पण थॉमस ह्यांनी इशारेही दिले आहेत. खेळात अश्लील किंवा कोणाला दुखावणारे काही नसावे. मनाचा तोल जाऊ नये. खेळ त्या माणसाला, वेळेला आणि जागेला शोभणारा असावा. तरुणांनो, इथे मी तुमच्याशी बोलतो.

पहिला इशारा कडू आहे. ह्या फिगरच्या बाजारात अशा कितीतरी वस्तू आहेत ज्यांत बाईचे शरीर फक्त विकायला मांडलेले असते, आणि काही ठिकाणी तर पात्र शाळकरी वयाचे असते. तिला गोष्ट नसते, मन नसते. 'हे तर प्लास्टिक आहे' हे उत्तर पुरेसे नाही. प्लास्टिकला काही होत नाही हे खरे, पण रोज पाहणाऱ्या डोळ्यांना सवय लागते, आणि तेच डोळे घेऊन तुम्ही रस्त्यावर, ऑफिसात आणि उद्या लग्नात जाता. बहीण खोलीत आली की जी फिगर मागे सरकवावी लागते, तिच्याविषयी मला वेगळे सांगायला नको.

दुसरा इशारा मनाच्या तोलाचा. फिगर बहुधा महिनोन्महिने आधी नोंदवावी लागते, नंतर मिळेल की नाही ह्याची धास्ती असते, आणि वाहतूक व सीमाशुल्क धरून एकेकीची किंमत आपल्याकडे पाच आकड्यांत जाऊ शकते. पगार हातात येण्याआधीच तो जपानला निघालेला असतो. गेममध्ये तर ह्याहून चलाखी आहे. जपानमध्ये दुकानाबाहेर नाणे टाकून कळ फिरवायची यंत्रे असतात. आतून कोणते खेळणे पडेल ते आधी कळत नाही. तीच युक्ती मोबाईलवरच्या खेळांनी उचलली. पैसे भरा, पेटी उघडा, हवे ते पात्र निघाले तर नशीब. जपानच्या ग्राहक खात्याने २०१२ मध्ये ह्यातला एक प्रकार बेकायदा ठरवला. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या अशा पेट्यांना जुगार म्हटले. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, पण पेटी उघडण्याचा मोह त्याने मनातून जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत १ जानेवारी २०२२ पासून गेमिंगचा विकार समाविष्ट आहे. त्याच्या खुणा कोणालाही समजाव्यात अशा आहेत: थांबवता न येणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळ आधी येणे, नुकसान दिसत असूनही चालूच राहणे. आणि हे साधारण वर्षभर टिकले तर तो आजार मानतात. तुमच्या घरी असे असेल तर ओरडू नका, यंत्र फोडू नका. डॉक्टरकडे न्या. मधुमेहाला आपण पाप म्हणत नाही.

संत कार्लो अकुटिस ह्यांच्याकडेही प्लेस्टेशन होते. हा इटालियन मुलगा वयाच्या १५ व्या वर्षी, १२ ऑक्टोबर २००६ रोजी रक्ताच्या कर्करोगाने वारला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे ह्यांनी त्याला संतपद दिले. त्याची आई सांगते की त्याने स्वतःला आठवड्याला एकच तास खेळायची मुभा दिली होती. तो तास कोणी लादलेला नव्हता. गेमच आपला मालक होऊ शकतो हे त्याने ओळखले. ज्या संगणकावर बाकीची मुले खेळत त्याच संगणकावर त्याने पवित्र मिस्साबलिदानाशी संबंधित चमत्कारांची माहिती गोळा केली. तोही एक संग्रहच होता, नाही का?

अ‍ॅनिमे म्हणजे परके, आपल्या श्रद्धेशी वैर असलेले, असेही काही वडीलधाऱ्यांना वाटते. त्यांच्यासाठी सांगतो: २०२५ च्या ज्युबिली वर्षाचे बोधचिन्ह म्हणून व्हॅटिकनने ऑक्टोबर २०२४ मध्ये 'लूचे' ही मुलगी सादर केली. पिवळा रेनकोट, चिखलाने भरलेले बूट, हातात यात्रेकरूची काठी, डोळ्यात शिंपल्यांची चमक. सरळ सरळ अ‍ॅनिमेच्या वळणाची. तिच्या नावाचा अर्थ प्रकाश. तिच्या छोट्या फिगर जमवणारेही आहेत. चिखलाचे बूट मला विशेष आवडले. आपल्याकडे जुलैत मिस्साला येणाऱ्या कोणत्याही मुलीचे असेच असतात.

आणि वसईकरांना जपान परके कसे? आपले संत गोन्सालो गार्सिया तिथेच रक्तसाक्षी झाले. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेला हा मुलगा जेझुइट फादरांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, आणि पुढे व्यापारात पडला. व्यापार चांगला चालला. तो सोडून ते मनिलामध्ये फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि दुभाषी म्हणून पुन्हा जपानला परतले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला २६ जणांना क्रुसावर चढवले, त्यात ते होते. आजच्या दाखल्यातला व्यापारी कोणाला प्रत्यक्ष पाहायचा असेल तर तो असा. गासच्या देवळापुढून जाताना त्याची आठवण ठेवा.

त्यानंतर जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली ती १८७३ पर्यंत टिकली. ह्या काळात लपून राहिलेल्या श्रद्धावंतांनी काय केले ठाऊक आहे? त्यांनी छोट्या मूर्ती जपल्या. कान्नोन ह्या बौद्ध करुणामूर्तीच्या चिनी मातीच्या पुतळ्या, पाहणाऱ्याला बौद्ध, पण घरच्यांसाठी पवित्र मारिया. दुसरीकडे अधिकारी लोकांना येशूची आणि मारियेची प्रतिमा पायाखाली तुडवायला लावत. जो नकार देई तो पकडला जाई. वितभर प्रतिमेवर जीव तोलला जात होता. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या नव्या ओउरा चर्चमध्ये काही खेडूत आले आणि त्यांतल्या एका बाईने फ्रेंच फादरांना हळूच विचारले की सांता मारियेची मूर्ती कुठे आहे. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूंशिवाय राहिलेली माणसे मूर्तीच्या खुणेने आपले घर ओळखत होती.

म्हणून मुलांनो, तुमच्या कपाटाकडे मी तुच्छतेने पाहणार नाही. फक्त त्याच खोलीत बसून एकदा हिशेब करा. उन्हाने फिगरचा रंग उडतो. प्लास्टिक मऊ ठेवणारे द्रव्य काही वर्षांत बाहेर पाझरून ती चिकट होऊ शकते, आपल्या दमट हवेत तर लक्ष ठेवावेच लागते. गेमचा सर्व्हर कंपनीने बंद केला की त्यातली विकत घेतलेली पात्रे एका रात्रीत जातात. कसर आणि जंग ह्यांविषयी प्रभूने डोंगरावर सांगितले तेव्हा त्याच्यासमोर कापडाचे आणि धातूचे ठेवे होते. वस्तू बदलल्या. तुमच्यापैकी कोणाची कपाटातली कुठलीही वस्तू, अगदी लाडकी, धाकट्या भावाला किंवा दवाखान्यातल्या एखाद्या मुलाला द्यायची वेळ आली तर हात किती अडखळेल, हे ज्याचे त्याने पाहावे.

आणि आईवडिलांनो, एकदा त्या खोलीत जा, खुर्ची ओढून बसा आणि विचारा: ही कोण? हिची गोष्ट काय? त्या जिन्यातल्या आईला मी एवढेच सांगितले होते. पुढच्या आठवड्यात ती सांगत आली की त्यातली एक गोष्ट भावाला वाचवण्यासाठी वणवण फिरणाऱ्या मुलाची आहे, आणि वडील अर्धी मालिका पाहून गेले. दुसऱ्या दिवशी उरलेली पाहू म्हणाले. बाहुल्या हा शब्द त्यांनी अजून सोडलेला नाही.

जाता जाता एक विनंती. आपल्या क्रिबमधील मूर्तींचे रंग उडाले आहेत. तीन राजांपैकी एकाचे नाक गेले आहे, उंटाचा कान तुटला आहे आणि बाळ येशूच्या गालावर भेगा पडल्या आहेत. नाताळला अवकाश आहे, पण काम बारीक आहे. सांगितलेल्या मुलाने उंट घरी नेलाच आहे. बारीक ब्रश धरण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी दुसऱ्या मिस्सानंतर साक्रिस्तीत यावे. रंग चर्चकडून मिळतील.

— तुमचे प्रमुख धर्मगुरू