पहाटे सव्वाचारचं नशीब

१८ जानेवारी १९७८. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्ड सिव्हिक सेंटरचं सुमारे १,४०० टनांचं पोलादी छप्पर पहाटे सव्वाचारच्या सुमारास बर्फाच्या भाराने कोसळलं. काही तासांपूर्वीच त्याच छपराखाली सुमारे ५,००० माणसं बास्केटबॉलचा सामना बघत होती. पहाटे आत कुणीच नव्हतं, त्यामुळे कुणाला साधं खरचटलंही नाही.

आम्हा स्ट्रक्चरल इंजिनिअर मंडळींत ही गोष्ट अजून सांगितली जाते. ऐकणारा "देवाची कृपा!" म्हणतो. खरंच आहे. पण माणसं वाचली म्हणून दोषही हलका होतो का?

बर्फ काही छपराला पेलू नये इतका नव्हता. वरच्या थरातल्या, दाब सोसणाऱ्या दांड्यांना बाजूचा आधार कमी पडला. मुलांची लवचिक फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून दाबून पाहा. मोडण्याआधी ती बाजूला वाकते. बरोबर मध्यावर चिमटीत धरली, तर तीच पट्टी जवळजवळ चौपट भार घेते. संगणकाच्या गणितात हा आधार पुरेसा धरला होता, छपरात तो नव्हता.

छपराने हे आधीच सांगितलं होतं. जमिनीवर जोडून ते चार काँक्रीटच्या खांबांवर चढवलं, तेव्हा गणिताच्या सुमारे दुप्पट झुकलेलं भरलं. पुढे एका नागरिकानेही शंका काढली. उत्तर मिळालं, काळजीचं कारण नाही.

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशिबा'चा प्रश्न मांडला: निष्काळजीपणा तोच, पण नशिबाने कुणी मेलं नाही, तर दोष कमी मानायचा का? आपली गीता फळावर नव्हे, कर्मावर बोट ठेवते. त्या न्यायाने छप्पर सामन्यात पडलं काय नि पहाटे पडलं काय, सारखंच. मला हे पटतं. मात्र "गणित चोख केलं, पुढचं फळ माझ्या हाती नाही" असा सोयीचा अर्थ कुणी काढू नये. झुकलेलं छप्पर दिसल्यावर गणित पुन्हा तपासणं हेही कर्मच होतं.

मला जास्त आठवण येते ती छपराच्या कडेची तावदानं बसवणाऱ्यांची. छप्पर झुकल्यामुळे भोकं जुळेनात, तसं त्यांनी कळवलंही. तुमची अडचण तुम्ही सोडवा, नाहीतर उशिराची जबाबदारी तुमची, असं त्यांना बजावलं गेलं. मग त्यांनी काही आधार कापले, काही पुन्हा वेल्ड केले आणि तावदानं बसवून दिली.