चूक कोणाची?

नवराबायको प्रवासाला निघाली आणि वाटेत काही बिनसले, की "आता काय करायचे?" हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर येतो. पहिला मान "चूक कोणाची?" या प्रश्नाचा. एकटा माणूस गाडी चुकला तर तो नशिबाला बोल लावून बाकावर बसतो. दोघे मित्र चुकले तर एकमेकांना दोन शिव्या देऊन चहा पितात. नवराबायकोला मात्र ही सवलत नाही. त्यांची एक छत्री हरवली, की गेल्या पंधरा वर्षांत हरवलेल्या सगळ्या छत्र्या तिच्या शोधात निघतात.

चतुर्थीला राजूरच्या गणपतीला किंवा नवरात्रात अंबडच्या मत्स्योदरीला जाताना हे भांडण फार वाढत नाही. वाट ओळखीची, बोली आपली, आणि एकजण रुसून एस.टी. स्टँडवर बसून राहिला तरी गावातले कुणीतरी भेटतेच. "काय भाऊ, वहिनी कुठंय?" एवढ्या एका वाक्याने समेट होऊन जातो. परदेशात हा मधला माणूस नसतो. सासू नाही, शेजारीण नाही, रागावून निघून जायला माहेर नाही. तिथे दोघांच्या मध्ये फक्त दोन बॅगा असतात. म्हणून परदेशात झालेली फजिती वरवर पाहता हसण्यावारी नेण्याजोगी दिसली, तरी ती एक नैतिक प्रश्न उभा करते असे मला वाटते. दोघांनी मिळून केलेल्या प्रवासातला अपघात दोघांचा केव्हा होतो?

हा प्रश्न आता केवळ मुंबईपुण्याच्या लोकांचा उरलेला नाही. आमच्या जालना जिल्ह्यातल्या कित्येक घरांतली मुले अमेरिकेत, जर्मनीत, आखातात नोकऱ्या करतात. सूनबाईचे बाळंतपण आले, की निवृत्त आईवडील देवगिरी एक्सप्रेसने रात्री निघतात, सकाळी मुंबईला उतरतात आणि ज्यांनी आयुष्यात नांदेडपलीकडे एकत्र प्रवास केला नाही ती दोघे एकदम सात समुद्र ओलांडतात.

असेच एक जोडपे माझ्या चांगल्या ओळखीचे आहे. गृहस्थ नोकरीत शिस्तीचे म्हणून नावाजलेले. दोघांचे पासपोर्ट, दोघांची तिकिटे, मुलाचा पत्ता आणि मोबाइल हे सगळे त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात. वाटेत एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचे होते. "मी चौकशी करून येतो. इथून हलू नकोस," असे बजावून ते गेले आणि त्या अफाट इमारतीत वाट चुकले. एका फिरत्या जिन्याने वर गेले, दुसऱ्याने भलत्याच बाजूला उतरले. बाई बॅगांवर हात ठेवून बसून राहिल्या. एक तास झाला, दोन झाले. समोरच्या फलकावर गावांची नावे बदलत होती. त्यांतले आपले कोणते हे त्यांना ठाऊक नव्हते. कुणी गणवेशातली मुलगी येऊन काही विचारी, तर या नुसते हसून मान हलवीत. अखेर गृहस्थ घामाघूम होऊन परत आले तेव्हा विमान निघून गेले होते. आणि त्यांच्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते असे : "तू इथेच काय बसून राहिलीस? कुणाला तरी विचारायचे नाही का?"

"हलू नकोस" म्हणून सांगितले होते, ती हलली नाही. आणि न हलणे हीच तिची चूक ठरली! वाचकहो, हसू येते खरे. परंतु त्या वाक्यात अर्धा संसार साठवलेला आहे. ज्याने सगळे कागद स्वतःच्या खिशात ठेवले, त्याने अपघाताची जबाबदारी मात्र निम्मी निम्मी वाटून घेतली. निर्णय एकाचा आणि नुकसान दोघांचे, हा हिशेब कोणत्याही भागीदारीत बसत नाही. पेढीवर असे कुणी केले तर त्याला लबाड म्हणतील. घरात केले तर कर्ता पुरुष म्हणतात.

तथापि न्याय करताना दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या गृहस्थांना मधुमेह. ते धापा टाकीत आले तेव्हा त्यांचे हातपाय कापत होते आणि आपली गोळी कोणती, ती कोणत्या डबीत आहे, हे त्यांना सांगता येईना. बाईंनी काही न बोलता पिशवीतून गोळी काढली, लाडू काढला, पाण्याची बाटली पुढे केली. पस्तीस वर्षे त्यांच्या शरीराचा पासपोर्ट या बाईंच्या पिशवीत होता आणि त्यांनी तो कधी मागून पाहिला नव्हता! म्हणजे अज्ञान एकट्या बाईंचे नव्हते. तिला विमानाचा क्रमांक माहीत नव्हता, त्यांना स्वतःच्या औषधाचे नाव माहीत नव्हते. घरात हे अज्ञान झाकून जाते, कारण घर नावाची यंत्रणा ते भरून काढीत असते. परदेशात ती यंत्रणा मागे राहते आणि कोण कुणाच्या खांद्यावर किती वर्षे बसले आहे ते उघडे पडते.

यावर कुणी म्हणेल, की कामाची वाटणी म्हणजे अन्याय नव्हे. बैलगाडीचा कासरा दोघांनी धरला तर गाडी ओढ्यात जायची. हे मला मान्य आहे. कासरा एकानेच धरावा. परंतु मागे बसलेल्याला निदान गावाचे नाव तरी ठाऊक असावे. "त्यांना सगळे माहीत असते," असे आपल्याकडच्या बायका मोठ्या अभिमानाने म्हणतात आणि त्याला विश्वास असे नाव देतात. मला वाटते, कागद आपल्याही हाताशी आहे, वाचता येतो, तरीही आपण तो वाचीत नाही, तेव्हा तो विश्वास असतो. ज्याच्या हाती कागद कधी दिलाच गेला नाही, त्याच्या गप्प बसण्याला विश्वास म्हणून गौरवणे ही त्याची फसवणूक आहे. बायकोने बांधलेल्या पिशवीत काय आहे याची कधी विचारपूस न करणारा नवराही याच न्यायाने विश्वासू ठरत नाही. तो नुसता निवांत असतो.

आता हाच प्रश्न एका मोठ्या प्रवासाला लावून पाहू. मराठी माणसाला ठाऊक असलेले परदेशप्रवासाचे पहिले मोठे जोडपे म्हणजे गोपाळराव आणि आनंदीबाई जोशी. गंमत अशी की, ते जोडपे बरोबर गेलेच नाही. टपालखात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणाचा ध्यास घेतला आणि १८८३ च्या एप्रिलमध्ये अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीवर एकट्या चढल्या. त्यापूर्वी २४ फेब्रुवारीला श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केले. हे श्रीरामपूर आपल्या नगरकडचे नव्हे, बंगालमधले. लोक जे जे प्रश्न विचारीत त्यांची उत्तरे त्यांनी एकामागून एक दिली. त्यांत एक प्रश्न असा होता, की तू एकटी का जातेस? त्यांनी सांगितले, की दोघांनी मिळून जायचे असेच आधी ठरले होते. परंतु तेवढा पैसा नाही आणि नवऱ्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचा व धाकट्या भावांचा भार आहे. या उत्तरात तक्रारीचा सूर नाही. नवऱ्याने पाहिलेले स्वप्न त्यांनी सभेसमोर स्वतःचे म्हणून स्वीकारले.

पुढचे सर्वांना माहीत आहे. फिलाडेल्फियाची थंडी, अंगावर लुगडे, शाकाहाराचा नेम, ढासळत जाणारी प्रकृती. आणि या सर्वांतून मार्च १८८६ मध्ये मिळालेली डॉक्टरची पदवी. मधल्या काळात गोपाळरावही अमेरिकेत पोचले. तिथे व्याख्याने देऊन त्यांनी तिथल्या समाजावर सडकून टीका केली. ज्या लोकांच्या आधारावर पत्नी राहत होती त्यांत तिची किती कुचंबणा होईल याचा विचार त्यांना शिवला नसावा. १८८६ च्या अखेरीस दोघे बरोबर परतली. हाच काय तो त्यांचा खरा सहप्रवास, आणि त्या वेळी आनंदीबाई क्षयाने खंगलेल्या होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक झाली होती, तिथे रुजू होणे झाले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. बावीस वर्षे पुरी व्हायला महिना राहिला होता.

इथे चूक कोणाची? गोपाळरावांना दोषी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. लहानपणी त्यांनी केलेल्या मारहाणीचा उल्लेख आनंदीबाईंनीच एका पत्रात त्यांना केला आहे. पण त्याच हट्टी माणसावाचून त्या डॉक्टर झाल्या नसत्या, हेही त्या जाणून होत्या. थंडी, रोग आणि अंतर यांना कुणी नेमले नव्हते. मला दोष दिसतो तो वेगळ्या ठिकाणी. ध्येय दोघांचे म्हणायचे आणि किंमत एकीच्या शरीराने भरायची, ही वाटणी दोघांपैकी कुणी बसून केली नव्हती. ती आपोआप झाली. आणि जी वाटणी आपोआप होते ती नेहमी दुबळ्याच्या अंगावर पडते. आनंदीबाईंची रक्षा गोपाळरावांनी अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंकडे पाठवली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पौकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. म्हणजे शेवटचा परदेशप्रवासही तिचा एकटीचाच झाला.

या दुःखातून बाहेर येऊन आपण एका हसऱ्या जोडप्याकडे वळू. १९५८ मध्ये पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीचे तंत्र शिकण्यासाठी इंग्लंडला गेले तेव्हा सुनीताबाई बरोबर होत्या. त्या प्रवासाचे 'अपूर्वाई' १९६० मध्ये पुस्तकरूपाने आले आणि परदेशातल्या फजितीवर हसायला मराठी घरे शिकली. त्या विनोदात लेखक बहुधा स्वतःचीच फजिती करून घेतो, हा त्याचा मोठेपणा. पुढे तीस वर्षांनी, १९९० मध्ये, सुनीताबाईंचे 'आहे मनोहर तरी' आले आणि त्याच संसाराची दुसरी वही लोकांसमोर उघडली. त्या वेळी कित्येक वाचक दुखावले. का दुखावले? एकाने सांगितलेली गोष्ट आपल्याला इतकी आवडली होती, की ती दोघांचीच आहे असे आपण धरून चाललो होतो. दुसऱ्याने तोंड उघडताच ती आपल्याला तक्रार वाटली.

म्हणजे अपघात घडतो तेव्हा जसा एक हिशेब असतो, तसा तो पुढे सांगितला जातो तेव्हाही असतो. माझ्या ओळखीच्या त्या गृहस्थांनी विमानतळाची गोष्ट परत आल्यावर पारावर कितीदा तरी रंगवून सांगितली. प्रत्येक वेळी "ही आपली बसलेली!" या वाक्याला हशा येई. बाई तेवढ्यात चहा ठेवायला आत जात. एकदा एका लहान नातीने विचारले, "आजी, तुला तिथे भीती वाटली का गं?" तेव्हा बाई म्हणाल्या, "मला वाटलं, हे गेलेच. मग मी यांचं नाव कुणाला आणि कोणत्या भाषेत सांगणार, याचा विचार करीत होते." गृहस्थ त्या दिवसानंतर ती गोष्ट सांगत नाहीत असे नाही, पण "पुढचं तू सांग" असे म्हणून मध्येच थांबतात. माझ्या मते तो अपघात त्या दिवशी दोघांचा झाला.

आमच्या जिल्ह्यातले जांब हे समर्थ रामदासांचे गाव. बोहल्यावर 'सावधान' हा शब्द कानी पडताच बारा वर्षांचा नारायण मंडपातून निघून गेला आणि पुढे सारा भरतखंड एकट्याने पायी हिंडला, अशी परंपरेची कथा आहे. त्याने तो शब्द स्वतःपुरता ऐकला आणि एकट्याचा मार्ग धरला. त्यात लपवाछपवी नव्हती. जे मंडपातच थांबतात आणि पुढे सात पावले बरोबर चालतात, त्यांची अडचण वेगळी. तो शब्द भटजी दोघांना उद्देशून म्हणत असतात आणि अक्षतांच्या गडबडीत बहुधा एकटाच ऐकतो. मग एकाने आयुष्यभर सावध राहायचे आणि दुसऱ्याने बॅगांवर हात ठेवून बसायचे, असा संसार चालू होतो.

या दिवाळीनंतर तुमच्यापैकी कुणी फराळाचे डबे बांधून मुलांकडे परदेशी जाणार असेल. चकली वाटेत मोडेल, लोणच्याची बरणी कुणी अधिकारी काढून घेईल, एखादी बॅग भलत्या गावी जाईल. त्याला कुणाचाच इलाज नाही. पण निघण्याच्या आदल्या रात्री दोघांनी समोरासमोर बसून आपापल्या खिशातले आणि पिशवीतले सगळे जमिनीवर मांडावे. कोणता कागद कशाचा, कोणती गोळी कधीची, मुलाचे घर कोणत्या गावी, हे एकमेकांना म्हणून दाखवावे. मग पासपोर्ट कुणीही ठेवावा. आणि परत आल्यावर मंडळी जमली, की जो आजवर चहा ठेवायला उठत असे, त्याला आधी बोलू द्यावे. चहा त्या दिवशी दुसऱ्याने ठेवला तरी चालेल.