घ्यायचं नाही, हा नियम

आमच्या गटात नवीन कुणी आलं की जुनी मुलं त्याला पहिला नियम सांगतात: वस्तीत गेल्यावर कुणाकडून काही घ्यायचं नाही. चहासुद्धा नाही. पाण्याची बाटली ज्याची त्याने आणायची. हा नियम कुठून आला ते मला ठाऊक आहे. पदरमोड करून, घरून भाकरी बांधून शिबिरांना जाणाऱ्या कार्यकर्त्यांच्या पिढीने तो घालून दिला. त्या पिढीबद्दल मला आदर आहे, पण नियम मान्य नाही. का मान्य नाही हे सांगायला बसलं की गोष्ट गीतेपर्यंत आणि विनयपिटकापर्यंत जाते, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

उर्से म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला द्रुतगती मार्गावरचा टोलनाका आठवतो. पूर्वी निदान काच खाली करून पावती घ्यावी लागे, तेवढ्यात आमची हवा तरी गाडीत शिरायची. आता फास्टॅगमुळे तेही राहिलं नाही. नाक्याच्या आसपास कारखाने आहेत, केबलचा मोठा कारखाना तर कित्येक वर्षं आहे. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी उरलेल्या तुकड्यावर पत्र्याच्या खोल्या काढल्या आणि त्या भाड्याने दिल्या. त्या खोल्यांत ओडिशा आहे, बिहार आहे, पूर्व उत्तर प्रदेश आहे आणि आपला मराठवाडाही आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली बाई. रविवारी कॉलेजची दहा-बारा मुलं घेऊन या खोल्यांमध्ये जाते. पोरांची शाळाप्रवेशाची कामं, थोडं मराठी शिकवणं आणि मुख्य म्हणजे रेशन. ओडिशाच्या कार्डावर इथल्या दुकानातून धान्य मिळू शकतं हे अजून पुष्कळांना ठाऊक नसतं. ठाऊक असलं तर अंगठा जुळत नाही.

गेल्या मार्गशीर्षात गंजाम जिल्ह्यातल्या एका कुटुंबाकडे अशाच कामाला आमची दोन मुलं गेली होती, मागून मी पोचले. उंबऱ्यापासून आतपर्यंत तांदळाच्या पिठाने लक्ष्मीची पावलं काढलेली. मार्गशीर्षातले गुरुवार त्यांच्याकडेही लक्ष्मीचेच असतात, फक्त त्यांचा महिना पौर्णिमेनंतर लागतो, त्यामुळे त्यांची लक्ष्मी आपल्या आधी पंधरा दिवस येते. आपण कलशावर नारळ ठेवून मुखवटा बसवतो, त्यांच्याकडे नव्या भाताने भरलेलं माप पूजतात. बाईने ताटलीतून मंडा पिठे आणले. नैवेद्याचे नव्हेत, तो घराबाहेर देत नाहीत. आमच्यासाठी वेगळे वाफवलेले. आत ओलं खोबरं आणि गूळ, वर तांदळाच्या पिठीची पारी. कळ्या पाडलेल्या नाहीत म्हणून मोदक म्हणायचं नाही, एवढंच. मुलांनी हात जोडले. ‘नको मावशी, आमचा नियम आहे.’ बोलणं अगदी नम्र. ताटली आत निघाली. मी ती परत मागून घेतली आणि दोन खाल्ले. मुलं माझ्याकडे बघत राहिली.

वाद परतीच्या रस्त्यातच सुरू झाला. आमच्यातला एक मुलगा गीता वाचलेला. त्याचं म्हणणं, परतफेडीची आशा न ठेवता दिलेलं तेच सात्त्विक. बरोबर आहे. सतराव्या अध्यायातला विसावा श्लोक तेच सांगतो: जो उलट उपकार करू शकत नाही त्याला, योग्य जागी, योग्य वेळी, पात्र पाहून दिलेलं दान सात्त्विक. पण हा श्लोक देणाऱ्याच्या मनातली आशा आवरायला सांगतो. समोरचा आपण होऊन काही देऊ लागला तर त्याचा हात मागे सारा, असं त्यात कुठेही नाही. दुसरं असं की श्लोक दानाबद्दल आहे आणि आम्ही आमच्या पत्रकावर सेवा आणि मैत्री असे दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांत छापतो. ही दोन कामं एकमेकांना सहज चिकटत नाहीत. सेवेत एकाचा हात वर आणि एकाचा खाली असतो, आणि महिनोन्‌महिने तो तसाच राहिला तर खालच्या हाताला वरच्याचा कंटाळा येतो. तो बोलून दाखवत नाही. कामापुरतं गोड बोलतो आणि आपण त्यालाच ओळख समजतो.

घेण्याचं मोल दिसावं म्हणून मुलांना मी कार्ल्याला नेते. एकवीरेच्या दर्शनाला सगळीच गेलेली असतात, देवळाला लागून असलेल्या चैत्यगृहात मात्र फोटोपुरती. खांबांवर ब्राह्मीत देणाऱ्यांची नावं कोरली आहेत. त्यांत धेनुकाकट नावाच्या गावचे यवन, म्हणजे परदेशी लोक, आहेत. एकाचं नाव सिहधय, दुसऱ्याचं चक्क धम्म. एक खांब सोपाऱ्याच्या भिक्खूचा आहे. दार धेनुकाकटच्याच एका गंध्याने, म्हणजे अत्तरविक्याने, दिलेलं. आणि हे शैलगृह उभं केल्याचा मान ज्याच्या नावे कोरला आहे तो श्रेष्ठी भूतपाल वैजयंतीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बनवासीचा. नहपान या शक राजाचा जावई उषवदात याने इथल्या भिक्खूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दिलं. लेखात स्पष्ट म्हटलं आहे की पंथ किंवा मूळ न पाहता, वर्षावासाला जो कुणी इथे राहील त्याच्यासाठी. पुढे शक गेले, सातवाहन आले, पण त्याच गावाचं दान त्यांनीही दिलं आणि मामालच्या अमात्याला तसा हुकूम धाडला. मामाल म्हणजे आपलं मावळ. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा कारभार.

इथे येणारे सगळे देणाऱ्यांचं कौतुक करतात. मला घेणाऱ्यांचं वाटतं. डोंगरात राहणाऱ्या भिक्खूंनी यवनाचा खांब घेतला, अत्तरविक्याचं दार घेतलं, शकाचं गाव घेतलं, आणि कुणाला वेगळं बसवलं नाही. यवनाचा खांब बाजूला काढून दाखवा म्हटलं तर लेख वाचता आल्याशिवाय दाखवता येणार नाही, छत सगळ्यांनी मिळूनच पेललं आहे. त्याचं दान घेतलं गेलं म्हणून तो इथला झाला. नुसतं दर्शन घेऊन गेला असता तर परदेशी व्यापारीच राहिला असता.

बौद्ध विनयात याची उलटी बाजूही आहे. एखाद्या गृहस्थाने संघाला इजा पोचेल असं वागणं केलं तर संघ त्याच्यापुरतं भिक्षापात्र उलटं करतो, म्हणजे त्याच्याकडून काहीही घेणं थांबवतो. वड्ढ नावाच्या लिच्छवीने एका भिक्खूवर खोटा आळ घेतला तेव्हा त्याला ही शिक्षा झाली. आनंदाने ती बातमी सांगितल्यावर वड्ढ जागीच बेशुद्ध होऊन पडला. मग त्याने अपराध कबूल केला आणि पात्र पुन्हा सुलटं झालं. मारहाण नाही, दंड नाही. तुझ्या हातचं आम्ही घेणार नाही, एवढंच. एके काळी जी शिक्षा समजत, तीच गोष्ट आम्ही शिस्त म्हणून पाळतो, तीही गंजामच्या बाईवर, जिने कुणावर आळ घेतलेला नाही.

तिच्या गुरुवारची कथा तर याच प्रश्नावर उभी आहे. बलराम दासाचं लक्ष्मीपुराण, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीचं, ओडिशात या दिवशी घरोघर वाचतात. लक्ष्मी फिरत फिरत श्रिया नावाच्या चांडाळ बाईच्या घरी जाते, तिची पूजा स्वीकारते. बलभद्र चिडतो आणि भावाला सांगतो, हिला देवळात घेऊ नकोस. जगन्नाथ बायकोला घराबाहेर काढतो. ती गेल्यावर दोघा भावांची चूल विझते. बारा वर्षं भीक मागत हिंडतात, कुणी घास देत नाही. शेवटी समुद्राकाठी एका घरी येतात. सांगण्यात येतं, हे चांडाळाचं घर आहे, चालेल का? चालतं. जेवताना चव ओळखीची लागते, कारण रांधणारी लक्ष्मीच असते. परत यायला तिची अट एकच: चांडाळापासून ब्राह्मणापर्यंत सगळे एकमेकांच्या हातचं खातील. पुरीच्या महाप्रसादाचा संबंध लोक या कथेशी लावतात. आपल्या मार्गशीर्षाच्या पोथीतही म्हातारीच्या रूपाने आलेल्या लक्ष्मीला राणी सुरतचंद्रिका हाकलून देते आणि भोगते. पण ओडिया कथा एक पाऊल पुढे आहे. तिच्यात शिकण्याची पाळी देवांवर येते, आणि ते शिकतात काय, तर घ्यायला. लक्ष्मी चांडाळाच्या घरी देऊन आली एवढ्याने भागत नाही. देवांना तिथलं म्हणून समोर आलेलं अन्न तोंडात घालावं लागतं, तेव्हा घर लागतं.

साने गुरुजींचं नाव आमच्या गटात सगळे घेतात. १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी केलेलं उपोषण पाठ असतं, १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात मांडलेली आंतरभारतीची कल्पनाही. मी त्याच्या मागे जाते, १९३० च्या त्रिचनापल्लीच्या तुरुंगात. तिथे या मराठी मास्तराने तमिळ शिकून घेतली आणि कुरल हा तमिळ ग्रंथ मराठीत आणला. तमिळ माणसांना काही द्यायच्या आधी त्यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसला. आंतरभारतीची चर्चा ऐक्य वगैरे मोठ्या शब्दांत होते तेव्हा हा विद्यार्थी हरवतो. दुसऱ्यापुढे वाकणं आपल्याला नवं नाही. इथून जवळ देहूला तुकोबांची पालखी निघाल्यावर अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी विसावते, तिथे आरती होते. वारीत तर पाया पडणाऱ्याच्या पाया पडण्याची रीतच आहे. वय, जात, गाव न विचारता दोघं एकमेकांपुढे वाकतात, आणि आधी कोण वाकलं याचा हिशेब राहत नाही.

मुलांचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला खोडता येत नाही. आठ जण गेलो आणि आठ कप चहा झाला तर दूध लागतं, गॅस लागतो. म्हणून दोघांनी जावं, खायचं ते बसून खावं, पाकीट आणि पैसा यांना हात लावू नये, आणि गटात जो मोठा असेल त्याने पहिला घास घ्यावा म्हणजे धाकट्यांना संकोच राहत नाही. एवढ्यावर आमची तडजोड झाली. पण एका मुलीने पुढचं विचारलं. ‘बाई, मैत्री आपली होते, पण पीठ ती मळते. कामाची पाळी संपवून आलेली असते ती. लक्ष्मीपुराणातसुद्धा शेवटी रांधलं कुणी?’

तेव्हापासून मुलं खाऊन झाल्यावर ताटल्या घेऊन मोरीकडे जातात. बहुतेक घरांत चालतं. गंजामची बाई मात्र त्यांच्या हातून ताटली काढून घेते. पाहुण्याने भांडी घासायची नाहीत, म्हणते, आमच्यात नियम आहे.