नोटा बंद करून काय बंद होते?

कुठेतरी एखाद्या अधिकाऱ्याच्या घरी छापा पडतो, टीव्हीवर पलंगावर रचून ठेवलेल्या गड्ड्या दिसतात आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या बैठकीपर्यंत एकच वाक्य कानावर येते, ‘ती पाचशेचीही नोट बंद करून टाका एकदाची.’ 2025 च्या मे महिन्यात आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी पक्षाच्या महामेळाव्यात हीच मागणी जाहीरपणे केली. असे म्हणणाऱ्या सामान्य माणसाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. लाचेची त्याला मनापासून चीड आहे, आणि लाच डोळ्यांना दिसते ती नोटेच्याच रूपात. पण हा उपाय या देशात नवा नाही. तो आपण तीन वेळा करून बसलो आहोत, आणि चौथ्यांदा मागण्याआधी त्या तीन वेळी काय झाले ते आठवायला हवे.

पहिल्यांदा 12 जानेवारी 1946 ला. महायुद्ध नुकतेच संपले होते, टंचाई आणि काळाबाजार यांनी काही लोक गबर झाले होते. पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा एका वटहुकमाने रद्द झाल्या. तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदी आपले चिंतामणराव देशमुख होते. सुमारे 144 कोटींच्या त्या नोटांपैकी 135 कोटींच्या आसपास बँकांत परत आल्या, म्हणजे शंभरातले जवळपास चौऱ्याण्णव रुपये. दुसऱ्यांदा 16 जानेवारी 1978 ला. मोरारजी देसाईंचे जनता सरकार होते आणि गव्हर्नर होते आय. जी. पटेल. त्यांना हा निर्णय मुळीच पटलेला नव्हता. काळा पैसा लोक पेट्यांत आणि उशांच्या अभ्र्यांत भरून ठेवतात ही समजूतच भाबडी आहे, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवले. त्या दोन्ही वेळी सामान्य घराला झळ पोचली नाही, कारण हजाराची नोट सामान्य घरात नसायचीच.

2016 ची गोष्ट वेगळी होती. 8 नोव्हेंबरच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांच्या भाषणात जाहीर होऊन मध्यरात्रीपासून रद्द झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा म्हणजे चलनातल्या एकूण रकमेचा सुमारे 86 टक्के हिस्सा होता. 15 लाख 41 हजार कोटी रुपये. रिझर्व्ह बँकेने 2018 च्या ऑगस्टमध्ये मोजदाद पूर्ण केली तेव्हा त्यातले 15 लाख 31 हजार कोटी परत आले होते, 99.3 टक्के. काळे धन बाळगणारे भीतीने नोटा फेकून देतील आणि तेवढे धन आपोआप नष्ट होईल, ही अपेक्षा होती. राहिले बाहेर जेमतेम 10,720 कोटी. आणि नव्या नोटा छापायला त्या एका वर्षात जवळजवळ आठ हजार कोटी लागले.

नोटा परत कशा आल्या, हे शहरात-गावात सगळ्यांनी पाहिले आहे. भाषण संपले त्या रात्री सराफांची दुकाने उशिरापर्यंत उघडी होती. वीस-तीस टक्के कापून जुन्याच्या नव्या करून देणारे चार दिवसांत उभे राहिले. कारखान्यांतल्या माणसांना काही महिन्यांचा पगार आगाऊ, जुन्या नोटांत मिळाला. ज्यांच्या जनधन खात्यात कधी पाचशे रुपये नव्हते, त्यांच्या खात्यात एकाएकी पन्नास हजार आले. ज्याच्याजवळ पैसा होता त्याच्याजवळ माणसे होती, ओळखी होत्या, चार्टर्ड अकाउंटंट होता. ज्याच्याजवळ यांतले काहीच नव्हते तो रांगेत उभा राहिला.

आणि त्या रांगेविषयीच मला आज खरे बोलायचे आहे.

त्या पन्नास दिवसांत या देशातल्या गरिबाने जे सोसले, ते त्याने बव्हंशी तक्रार न करता सोसले. 13 नोव्हेंबरला गोव्यातल्या भाषणात पंतप्रधानांनी पन्नास दिवस मागितले आणि लोकांनी ते दिले. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई डाळीच्या डब्यात, डाळीच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून हजाराच्या काही नोटा ठेवत असत. मुलीच्या बारावीनंतरच्या फीसाठी. नवऱ्याला त्याचा पत्ता नव्हता, आणि नसणेच त्या पैशाच्या हिताचे होते. नोटा बदलायच्या तर आधार कार्ड घेऊन, सगळ्या वस्तीसमोर रांगेत उभे राहणे आले. ती बचत उघडी पडली आणि निम्मी घरातच गेली. तरीही त्या म्हणत, ‘होऊ दे, मोठ्या लोकांची तरी जिरेल.’ तो द्वेष नव्हता. एकदा तरी कायदा वरच्यांना आणि खालच्यांना सारखा लागू होतो आहे, या विश्वासाचे ते समाधान होते. बँकेच्या दारात पेन्शनची पासबुके घेऊन उभे असलेले म्हातारे हेच म्हणत होते. बाजार समितीत माल आणून लिलाव होत नाही म्हणून परत फिरणारे शेतकरी हेच म्हणत होते. त्या शेतकऱ्याचे खाते बहुधा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत, आणि त्या बँकांना 14 नोव्हेंबरपासून जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली. ऐन रब्बीच्या पेरणीत. गैरव्यवहाराचा संशय काही बँकांवर असेलही, पण त्याची शिक्षा ज्याचे पीककर्ज तिथे आणि दुधाचे पैसेही तिथेच येतात, त्याला झाली.

त्याग मागता येतो. स्वातंत्र्यलढ्याने तो मागितला, 1965 मध्ये शास्त्रीजींनी एक वेळचे जेवण सोडायला सांगितले आणि लोकांनी सोडले. पण जो मागतो त्याने आधी स्वतःशी खातरी करून घ्यायची असते की या त्यागाने ते काम होणार आहे. इथे ती खातरी नव्हती. 8 नोव्हेंबरच्या संध्याकाळी, भाषणाच्या काही तास आधी, रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाची बैठक झाली. तिचे इतिवृत्त पुढे माहिती अधिकारात बाहेर आले. त्यात नोंद आहे की काळे धन मुख्यतः रोखीत नसून जमीनजुमला आणि सोने यांच्या रूपात आहे, आणि या पावलाचा त्यावर फारसा परिणाम होणार नाही. तीच नोंद करून मंडळाने व्यापक लोकहितासाठी म्हणून प्रस्तावाला संमतीही दिली. त्याच्या चार वर्षे आधी, 2012 मध्ये, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या अध्यक्षांच्या समितीनेही नोटा रद्द करणे हा काळ्या पैशावरचा उपाय नाही, तो पैसा बेनामी मालमत्तेत आणि दागिन्यांत आहे, असेच कळवले होते. ज्यांना ठाऊक असायला हवे त्यांना ठाऊक होते. डब्यातले पैसे उघडे पडलेल्या त्या बाईंना ते कुणी सांगितले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या जानेवारीत चार विरुद्ध एक मतांनी हा निर्णय वैध ठरवला, न्यायमूर्ती नागरत्ना यांनी तो बेकायदेशीर ठरवला. पण कायद्याने वैध असलेली गोष्ट न्याय्य होती का, हा प्रश्न निकालाने मिटत नाही.

मोठ्या नोटा हळूहळू मागे घेण्यात काहीच अर्थ नाही, असे मी म्हणणार नाही. तो निराळा मार्ग आहे आणि त्याला आधार आहे. एक कोटी रुपये दोन हजारांच्या नोटांत पन्नास गड्ड्यांत मावतात, पाचशेच्या नोटांत दोनशे लागतात. चोरट्या पैशाला वजन आले की त्याची ने-आण अवघड होते. म्हणूनच युरोपीय मध्यवर्ती बँकेने 2016 मध्ये पाचशे युरोची नोट थांबवायचे ठरवले आणि 2019 मध्ये ती नव्याने चलनात देणे बंद केले, पण जुनी नोट रद्द केली नाही. कुणी रांगेत उभे राहिले नाही. आपल्याकडेही दोन हजारांची नोट 2023 च्या मे महिन्यात अशीच सबुरीने मागे घेतली गेली. मात्र हजाराची नोट काळ्या पैशासाठी सोयीची म्हणून रद्द करून त्याच आठवड्यात दोन हजारांची बाजारात आणली, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कुणाकडून मिळालेले नाही. आणि पाचशे युरोची नोट व आपली पाचशेची नोट यांना एका मापाने मोजता येत नाही. तिकडे त्या एका नोटेत आपले हजारो रुपये होतात. इकडे पाचशेची नोट म्हणजे गवंड्याच्या हाताखाली काम करणाऱ्या मजुराची एका दिवसाची हजेरी. आज चलनातल्या एकूण रकमेत पाचशेच्या नोटांचा वाटा पुन्हा 86 टक्क्यांच्या घरात आहे. ती बंद करणे म्हणजे त्याच माणसांना त्याच रांगेत पुन्हा उभे करणे.

ज्यांनी नोटाबंदीची ही कल्पना देशाला सांगितली त्या अनिल बोकील यांच्या ‘अर्थक्रांती’च्या प्रस्तावाविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. त्यात मोठ्या नोटा मागे घेणे हा एक भाग होता. सध्याचे कर काढून बँक व्यवहारावर एकच कर लावावा, हा त्याचा गाभा होता. तो प्रस्ताव पटो वा न पटो, त्यातला सोपा तुकडा तेवढा उचलला गेला असे लोकांना वाटले, आणि ते वाटणे साहजिक होते.

आता काळा पैसा तयार कुठे होतो ते पाहू. दूर जायला नको. जमीन किंवा जुना फ्लॅट घ्यायला निघालेले जोडपे एजंटसमोर बसलेले आहे. किंमत ठरते आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘चेकने किती, कॅश किती?’ रेडी रेकनरचा दर पाहून त्याच्या जरा वरची रक्कम करारात घालायची, उरलेली रोख. विकणाऱ्याचा कर वाचतो, घेणाऱ्याचे मुद्रांक शुल्क वाचते. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठ्याचे ठसे आणि फोटो होण्याआधी ती रोकड कुणाच्या तरी गाडीत मोजून दिली जाते, आणि आत शपथेवर सही होते की संपूर्ण मोबदला हाच. दोघेही नोकरदार, दोघेही सज्जन, दोघांनाही भ्रष्टाचाराचा संताप येतो. त्यांना दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही, कारण पूर्ण रक्कम चेकने देतो म्हटले तर घर दुसऱ्याला जाते. पण नोट कितीची असावी, याने त्या गाडीतल्या व्यवहारात काय फरक पडणार आहे? 2016 नंतर काही महिने तो थांबला आणि नोटा मिळू लागताच पुन्हा सुरू झाला. सातबारा ऑनलाइन मिळू लागल्यावर त्या उताऱ्यासाठी द्यावे लागणारे पैसे मात्र खरोखर कमी झाले. तिथे नोट बदलली नव्हती, एका माणसाच्या हातातली अडवणुकीची संधी गेली होती.

आणि ती रोकड पुढे कुठे जाते? बिल्डरकडून परवानग्यांकडे, परवानग्यांकडून राजकारणाकडे. इथे सनदी अधिकारी माधव गोडबोले यांनी नोंदवलेली एक आठवण सांगायलाच हवी. न्यायमूर्ती वांच्छू समितीने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नोटा रद्द करण्याची शिफारस केली होती. यशवंतराव चव्हाण तेव्हा अर्थमंत्री होते. ते हा विचार घेऊन इंदिराजींकडे गेले, तेव्हा काँग्रेसला यापुढे निवडणुका लढवायच्या नाहीत का, अशा अर्थाचा एकच प्रश्न त्यांनी यशवंतरावांना विचारला. विषय तिथेच संपला. ही आठवण 2016 नंतर काँग्रेसच्या विरोधात पुष्कळदा सांगितली गेली. मला ती एका पक्षाची वाटत नाही. काळ्या पैशाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक कोण, हे त्या प्रश्नात उघड झाले आहे. नोटाबंदीनंतर तीनच महिन्यांत अर्थसंकल्पात पक्षांना रोख देणगी घेण्यावर दोन हजारांची मर्यादा घातली गेली, हे चांगले झाले. त्याच अर्थसंकल्पात निवडणूक रोख्यांची घोषणा झाली, ज्यात कुणी कुणाला किती दिले हे मतदाराला कळणार नव्हते. सर्वोच्च न्यायालयाला ते रोखे घटनाबाह्य ठरवायला 15 फेब्रुवारी 2024 उजाडली. पोळ्या करणाऱ्या बाईंनी डब्यातल्या प्रत्येक नोटेचा हिशेब आधार कार्डासकट दिला होता.

विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे 40 लाखांची खर्चमर्यादा आहे. त्याच्या पक्षाने किती खर्च करावा यावर मात्र कसलीच मर्यादा नाही. 3 जून 2013 ला केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात असा आदेश दिला. त्याची अंमलबजावणी आजवर झालेली नाही, आणि या एका बाबतीत सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात मतभेद दिसत नाहीत. पाचशेची नोट बंद करा असे पुढच्या वेळी कुणी नेता व्यासपीठावरून म्हणाला, तर आपण त्याच्या पक्षाकडे त्या व्यासपीठाच्या, मांडवाच्या आणि माणसे आणलेल्या गाड्यांच्या खर्चाची बिले मागितली पाहिजेत, आणि ती रोखीने दिली की चेकने, हेही विचारले पाहिजे.