कौल आणि विवेक

1 फेब्रुवारी 2017 रोजी ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याची प्रक्रिया सुरू करण्याच्या विधेयकावर मतदान झाले. बाजूने 498, विरोधात 114. विरोधकांत हुजूर पक्षाचा खासदार एकच : केनेथ क्लार्क. 1970पासून सभागृहात असलेल्या या माजी अर्थमंत्र्याने भाषणात राजकीय विचारवंत एडमंड बर्कचा आधार घेतला होता.

बर्कने 1774मध्ये ब्रिस्टलच्या मतदारांना बजावले होते, की प्रतिनिधी हा निरोप्या नव्हे. स्वतःचा विवेक वापरणे हीच त्याची सेवा. ब्रिटिश राजकारण दीर्घकाळ या विचारावर चालले. 1945मध्ये पंतप्रधान चर्चिल यांनी सुचवलेले सार्वमत मजूर पक्षाचे नेते ॲटली यांनी नाकारले. पण 1975मध्ये पहिले देशव्यापी सार्वमत झाले आणि 67 टक्के मतदारांनी युरोपबरोबर राहण्याचा कौल दिला. 2016च्या सार्वमतात 51.9 टक्के मतदार बाहेर पडा म्हणाले. सार्वभौम संसदेच्या शेजारी आता लोकांचा थेट कौल येऊन बसला होता.

2017च्या मतदानावेळी मला क्लार्क यांची भूमिका पटली नव्हती. आधी कौल मागायचा आणि मग तो मानायचा नाही, हे लोकशाहीत कसे बसते?

माझे मत बदलले ते 2019मध्ये. लोकांनी ‘बाहेर’ म्हटले होते. बाहेर पडून जायचे कुठे, हे मतपत्रिकेवर नव्हते. 27 मार्चला खासदारांपुढे आठ पर्याय आले आणि आठही पडले. क्लार्क यांनी तोवर भूमिका पुढे नेली होती. बाहेर पडणे अटळ दिसताच त्यांनी पंतप्रधान थेरेसा मे यांनी युरोपीय संघाशी केलेल्या कराराला मत दिले आणि युरोपशी जकात संघ ठेवण्याचा तोडगा मांडला. 1 एप्रिलला तो अवघ्या तीन मतांनी हरला. सप्टेंबरमध्ये कराराविना बाहेर पडणे रोखण्यासाठी सरकारविरुद्ध मत देणाऱ्या 21 खासदारांना पक्षाने आपल्या संसदीय गटातून बाहेर काढले. सभागृहातील सर्वांत ज्येष्ठ सदस्य क्लार्क त्यांत होते.

इथे गोवा आठवतो. 16 जानेवारी 1967च्या सार्वमतात मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती : एकीकडे फूल, दुसरीकडे दोन पाने. महाराष्ट्रात विलीनीकरण की केंद्रशासित प्रदेश. सार्वमतापूर्वी सत्तेत असलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला विलीनीकरण हवे होते. लोकांनी 34,021 मतांच्या फरकाने ते नाकारले. तो निकाल टिकला, कारण दोन्ही वाटा कुठे जातात हे मतदाराला ठाऊक होते.

म्हणून कौल आणि विवेक यांना मी आता परस्परांचे वैरी मानत नाही. दिशा लोकांनी ठरवावी. ती वाट चालण्याजोगी करणे हे प्रतिनिधीचे काम. ज्या पक्षाला हे काम करणारी माणसे नकोशी होतात, तो लोकांच्या कौलाचाही मान राखत नाही.