गर्भिणीस विचारावयाचा प्रश्न

गर्भिणीस काय खावेंसें वाटतें, हें आमच्याकडे सारें घर विचारतें. हें कौतुक जुनें आहे. सुश्रुतसंहितेंत तिला दोन हृदयांची मानून तिची इच्छा मोडूं नये असें सांगितलें आहे. पण त्या दोहोंपैकीं तिचें स्वतःचें जें हृदय, त्याची चौकशी क्वचितच होते.

सरकारी रुग्णालयांत २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेस गर्भिणींची विनामूल्य तपासणी होते. वजन, रक्तदाब यांच्या जोडीस मनाचीही परीक्षा घ्यावी, असें वैद्यक आतां सांगतें. साधन अवघड नाहीं. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेली ‘एडिंबरो’ नांवाची दहा प्रश्नांची यादी मूळ बाळंतिणींकरितां होती. पुढें ती गर्भिणींसही विचारूं लागले. गेल्या सात दिवसांत हसूं आलें काय, येथपासून स्वतःस इजा करण्याचा विचार आला काय, येथपर्यंत ते प्रश्न जातात. त्यांनीं रोग ठरत नाहीं; कोणाशीं अधिक बोललें पाहिजे एवढें कळतें.

गोव्यांतील २००२ सालच्या एका अभ्यासांत बाळंतपणानंतर शेंकडा २३ माता विषादग्रस्त आढळल्या. त्यांपैकीं शेंकडा ७८ जणींचें मन गरोदरपणींच ढासळलेलें होतें. दारिद्र्य, नवऱ्याशीं बेबनाव आणि मुलगी होणें, हीं कारणें तेथें दिसलीं.

शेवटच्या कारणाशीं सातारा-सांगलीचा परिचय दाट आहे. २२ ऑक्टोबर २०११ रोजीं साताऱ्यांत ‘नकुशा’ नांवाच्या २८५ मुलींस नवीं नांवें देण्यांत आलीं. जुनें नांव त्यांच्या आयांनीं किती वर्षें ऐकलें असेल! मार्च २०१७ मध्यें सांगली जिल्ह्यांतील म्हैसाळ येथें एक गर्भिणी गर्भपातांत दगावली, आणि त्या शोधांत पुरलेले १९ भ्रूण सांपडले.

अशा घरांतील स्त्री भयानें झोंप येत नाहीं म्हणाली, तर तिलाच रुग्ण ठरविण्याचा आम्हांस कितपत अधिकार? भय तिच्या मनांत आहे खरें, पण तें जन्मलें माजघरांत. तिला सोसावयास शिकवावें आणि घर आहे तसेंच ठेवावें, हा न्याय नव्हे. म्हणून कांहीं सज्जन म्हणतात, उपाय हातीं नसतां विचारणें हेंच क्रौर्य. आम्हांस तें पटत नाहीं. कारण घरांत असलें म्हणून खिन्नता खोटी ठरत नाहीं. शिवाय उपाय अगदींच नाहीं असेंही नाहीं. गोव्यांतच, २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, वस्तींतील साध्या स्त्रियांस शिकवून खिन्न गर्भिणींशीं बोलावयास पाठविलें. बऱ्या होणाऱ्यांचें प्रमाण वाढलें.

मात्र विचारतांना सासू शेजारीं नसावी. ती असतां ‘बरें आहे’ याहून दुसरें उत्तर येणार नाहीं. आणि दहाव्या प्रश्नास ‘होय’ म्हणणाऱ्या स्त्रीस नुसते गुण मांडून परत धाडणें, हा आमच्या मतें अपराध आहे. ज्यानें विचारलें त्यानें त्या दिवशीं तिच्यापाशीं थांबावें, नाहीं तर विचारूं नये.

मूल मुलगा कीं मुलगी हें पित्याच्या बीजावरून ठरतें, हें शाळेंतील पोरही जाणतें. नऊ तारखेस बाहेर बाकावर नवरा बसलेला असतो. त्यासही दोन प्रश्न विचारण्यास हरकत नसावी.